तुर्की परीकथा मराठीत सांगण्याचा प्रकल्प : जून ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

२ जून २०२४

आजपासून नोंदी ठेवतेय. काम असं की तुर्की परीकथा मराठीत आणायच्या, पण वाचायला नाही, ऐकायला. सहा गोष्टी, एकेक दहा-पंधरा मिनिटांची, दिवाळीच्या सुट्टीआधी रेकॉर्ड करून तयार, आणि जमलं तर इथे ठाण्यात आमच्या वाचनालयात मुलांसमोर बसून एकदा सांगायच्या. दुसऱ्या कुठल्या भाषेतल्या लोककथा घेऊन कोणी असंच काही करायला निघालं असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्याचे तरी वाचावेत, म्हणून सगळं लिहिणार, पैशांसकट.

तुर्कीच का, तर मला या गोष्टी मनापासून आवडतात, एवढंच खरं कारण. पादशहा, वजीर, परी, जिन, दरवेश ही सगळी मंडळी मराठी कानाला ओळखीची, पण गोष्ट मात्र भलत्याच वाटेनं जाते. मूलबाळ नसलेल्या पादशहाला पांढऱ्या दाढीचा दरवेश एक सफरचंद देतो, अर्धं तू खा अर्धं राणीला दे म्हणतो, मुलगा होतो, मोठा होऊन कुणाच्या तरी शापानं न पाहिलेल्या मुलीच्या प्रेमात पडतो, तिला शोधायला निघतो, आणि शेवटी लग्न चाळीस दिवस चाळीस रात्री चालतं.

मजकुरासाठी इग्नात्स कूनोश घेतलाय. हा हंगेरियन अभ्यासक १८८५ मध्ये इस्तंबूलला गेला, काही वर्षं तिथे राहून लोकांच्या तोंडच्या गोष्टी उतरवून घेतल्या आणि १८८७ आणि १८८९ मध्ये बुडापेस्टला दोन खंड छापले. त्यातून पुढे इंग्रजी पुस्तकं निघाली, एक १८९६ चं आणि ४४ गोष्टींचं दुसरं १९१३ चं. दोन्ही फुकट मिळाली. सुरुवात इंग्रजीवरूनच करतेय.

११ जून

नऊ दिवस गेले, आणि गेले ते गेलेच.

पहिली गोष्ट घेतली ती घोड्याची. पादशहा प्रवासाला निघताना तीन मुलींना सांगतो की माझ्या घोड्याला तुम्हीच चारा घाला, तबेल्यात दुसरं कोणी जायचं नाही, आणि घोडा थोरल्या दोघींना जवळसुद्धा येऊ देत नाही, धाकटीच्या हातचंच खातो, मग धाकटीचं लग्न त्या घोड्याशीच लावून देतात आणि रात्री तबेल्याची होते गुलाबाची बाग आणि घोड्याचा देखणा तरुण. केवढी सुंदर गोष्ट आहे! दोन संध्याकाळींत मराठी केली आणि खूश झाले.

मग लक्षात आलं की १८९६ च्या इंग्रजीत या गोष्टीचं नाव आहे 'घोडा-सैतान' आणि १९१३ च्या इंग्रजीत 'घोडा-ड्यू'. ड्यू म्हणजे मला वाटलं दव, पहाटेचं दव, म्हणून मी एक अख्खा परिच्छेद दवानं चमकणाऱ्या आयाळीवर लिहून ठेवला होता. तो शब्द निघाला तुर्की 'देव', म्हणजे अगडबंब, माणसं खाणारा दैत्य. एकानं त्याचा सैतान केला, दुसऱ्यानं उच्चार इंग्रजी अक्षरांत बसवला आणि मी त्याचं दव केलं. १८९६ चं भाषांतर तर तुर्कीवरून नाहीच, हंगेरियनवरून केलेलं आहे. म्हणजे तुर्कीतून हंगेरियन, हंगेरियनमधून इंग्रजी, त्यावरून माझं मराठी. चौथ्या हातचं.

सगळं बाजूला ठेवलं. तुर्की शिकायचं, निदान गोष्टीपुरतं तरी. ऑनलाइन क्लास बघतेय.

२३ जून

अजून एक चूक, आणि ही लिहायलाच हवी, कारण या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाला हा दगड लागणार.

मधल्या काळात थेट तुर्की भाषेतल्या मजकुराकडे वळले आणि पेर्तेव नाइली बोराताव यांच्या संग्रहातली एक गोष्ट घेऊन शब्दकोश उघडून बसले. बोराताव म्हणजे या विषयातले फार मोठे माणूस. वोल्फ्राम एबरहार्ड या जर्मन अभ्यासकाबरोबर त्यांनी १९५३ मध्ये तुर्की लोककथांचे ३७८ प्रकार लावून दिले, अजूनही लोक त्याच आकड्यांनी गोष्टी ओळखतात. मजकूर अगदी जिवंत. पण ते वारले १९९८ मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे २०५८ संपेपर्यंत परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मी दहा दिवस काम केल्यावर हे तपासलं. आधी तपासायचं असतं.

कूनोश १९४५ मध्ये वारला, म्हणजे २००६ पासून आपल्याकडे मोकळा. १९१३ च्या पुस्तकातली चित्रं विली पोगानी यांची, ते वारले १९५५ मध्ये, म्हणजे तीही मोकळी, ऑडिओच्या कव्हरला वापरता येतील. लोककथा कुणाच्या मालकीची नसते हे खरं, पण ती अमक्यानं लिहिलेल्या शब्दांत असली की ते शब्द त्याचे. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक मजकुरासमोर मृत्यूचं साल लिहून ठेवलंय आता.

३० जून

क्लास सुरू. शिकवणाऱ्या बाई इस्तंबूलच्या, तासाला ७०० रुपये, आठवड्याला एक तास, आपले रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे साडेसहा. त्यांना 'होजाम' म्हणायचं, माझ्या गुरुजी असा अर्थ, मला फारच आवडलं. मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की मला हॉटेलात जेवण मागवायला शिकायचं नाहीये, गोष्टी सांगायला शिकायचंय. त्या हसल्या आणि म्हणाल्या बरं, मग आजीपासून सुरू करू. त्यांची आजी कायसेरी शहराकडची, गोष्टी सांगणारी.

पहिल्या तासातच तीन नावं दुरुस्त झाली. तुर्कीत रोमन लिपीतला सी हा 'ज' असतो, म्हणजे मी ज्याला 'सिन' वाचत होते तो आपला सरळ जिन! आणि केलोलान. हा त्यांच्या गोष्टींमधला सगळ्यात लाडका पोरगा, डोक्यावर केस नाहीत, घरात खायला नाही, एकटी म्हातारी आई, सगळे त्याला आळशी म्हणतात आणि शेवटी पादशहाची मुलगी तोच पटकावतो. त्याच्या नावात मध्ये रोमन लिपीतला 'जी' आहे, वर उलटी कमान असलेला, तो बोलायचाच नसतो. मी महिनाभर 'केलोग्लान' म्हणत होते आणि फोनवर तसाच सराव रेकॉर्ड करून भाचीला नाशिकला पाठवलाही होता. आता ती केलोग्लान सोडायला तयार नाही.

१४ जुलै

आज जे कळलं त्यासाठी आधीचा सगळा खर्च वसूल.

तुर्की गोष्टीची सुरुवात असते 'बिर वार्मिश, बिर योक्मुश'. इंग्रजीत त्याचं काहीतरी एकदा-एका-काळी होतं. होजामनी सांगितलं की क्रियापदाला लागलेलं ते मिश-मुश म्हणजे मी स्वतः पाहिलेलं नाही, कुणीतरी सांगितलंय ते सांगतेय, आणि गोष्ट सगळी त्याच रूपात चालते. शेजारणीनं काय केलं हेही ऐकीव असेल तर तसंच सांगतात. त्या मला इंग्रजीतून समजवायला धडपडत होत्या आणि मी इकडे ओरडले की अहो, हे आमच्याकडे आहे! म्हणे! होतं म्हणे एक, नव्हतं म्हणे एक. मराठीत एका शब्दात जमतं ते.

लगेच दुसऱ्या गोष्टीचा, तीन नारिंगांच्या पऱ्यांच्या, अख्खा मसुदा म्हणे घालून नव्याने लिहिला. राजपुत्र उठला म्हणे, झऱ्यावर गेला म्हणे, म्हातारी आली म्हणे. रात्री आईला वाचून दाखवला. पाच मिनिटांनी आई म्हणाली, "अगं, पण तुला हे सगळं सांगितलं कोणी? सारखं म्हणे म्हणे ऐकून मला वाटायला लागलंय की तुझा त्या पोरावर विश्वासच नाही." बरोबर होतं तिचं. तुर्कीत ते शेपूट क्रियापदात मुरलेलं असतं, ऐकणाऱ्याला वेगळं जाणवत नाही, आपलं म्हणे सुटं उभं राहतं आणि चारचौघात जरा शंकाच घेतं.

मोजलं तर नऊ मिनिटांत ६४ म्हणे. आता नियम केलाय की गोष्ट उघडताना, नवीन जागा आली की, आणि जिथे डोळ्यांवर विश्वास बसणार नाही असं काही घडतं तिथेच म्हणे. बाकी साधा भूतकाळ आणि मध्ये मध्ये आईचंच 'बरं का'. ६४ चे ११ झाले. परत वाचून दाखवलं तर आई झोपली नाही, शेवटपर्यंत ऐकलं.

२८ जुलै

गोष्टीआधी तुर्कीत एक यमकांचं अर्थ-निरर्थ असं वाहतं कवन असतं, त्याला तेकेर्लेमे म्हणतात. चाळण भुशात, उंट दवंडी पिटणारे, पिसवा न्हावी, आणि सांगणारा स्वतः आपल्या बापाचा पाळणा हलवतोय, तिंगिर मिंगिर. म्हणजे ऐकणाऱ्याला आधीच कळतं की आता नेहमीचे नियम बंद. इंग्रजी पुस्तकांत हे बऱ्याच ठिकाणी गाळलेलं आहे, मला ते कुठल्याही परिस्थितीत हवंच होतं.

तीन आठवडे गेले या चार ओळींत. पहिला प्रयत्न: 'काळाच्या पोटात काळ, भुशात पडली चाळ'. मला झकास वाटलं. भाचीला फोनवर ऐकवलं तर ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मावशी, चाळ पडली? माणसं होती का आत?" चाळण म्हणजे चाळ नव्हे, यमकासाठी शब्द तोडला की असंच होतं. रद्द. दुसऱ्यात अर्थ नीट आला पण ठेका मेला. शेवटी लिहायचं सोडलं आणि कपडे वाळत घालताना नुसतं तोंडानं म्हणत राहिले, तेव्हा हे आलं:

होतं म्हणे, नव्हतं म्हणे, दिवस होते जुने-जुने,
भुशामध्ये चाळण नाचे, उंट गावात दवंडी वाचे,
पिसू करी न्हाव्याचं काम, दाढीमागे मोजून दाम,
आणि मी बसले होते माझ्या बाबांचा पाळणा हलवत, कुईं-कुर्र, कुईं-कुर्र.

दाम माझे, मूळात नाहीत. होजामना अर्थ सांगितला, त्या म्हणाल्या दाम राहू दे, प्रत्येक सांगणारी आपलं काहीतरी घालतेच. गंमत म्हणजे दवंडीवाल्याला तुर्कीत 'तेल्लाल' म्हणतात, आणि आपला दलाल त्याच अरबी शब्दातून आलाय.

वाट चालण्याचंही असंच एक कवन आहे, नायक निघाला की दरवेळी येतं. थोडं गेला, लांब गेला, ओढे-टेकड्या पार गेला, सहा महिने आणि एक शरद गेला, मागे वळून बघतो तर जवाएवढी वाट! आधी मी तीळभर वाट केलं होतं, आपल्याकडे तीळच चालतो. पण जव म्हणजे लांबी, तीळ म्हणजे जरासं, आणि जव आपल्याकडेही जुन्या मापात होताच, आठ जवांचं एक अंगुळ. जवच ठेवला.

११ ऑगस्ट

'देव' चं काय करायचं हा प्रश्न दोन महिने टांगलेला होता. मराठीत 'देव आला आणि माणसाचा वास येतोय म्हणाला' असं सांगू शकत नाही. आणि देवाची आई तर फारच अडचणीची, कारण 'देव अनासी' ही तुर्की गोष्टींमधली अगदी मोठी व्यक्ती आहे. राक्षस करून पाहिलं तर भाचीनं लगेच विचारलं दहा तोंडं होती का. राक्षस म्हटलं की आपल्या पोरांसमोर रावण उभा राहतो. शेवटी दैत्य घेतला, आणि तिची झाली दैत्यमाय. तोंडात छान बसतो शब्द.

आता ती दैत्यमाय बसलेली कशी असते, तर आपले लांबलचक स्तन खांद्यावरून पाठीमागे टाकून बसलेली. पोरगा मागून हळूच जातो, तिचं दूध पितो आणि 'आई' म्हणतो. मग ती म्हणते, आई म्हणाला नसतास तर आत्ताच तुझा घास केला असता. दूध प्यायला म्हणजे आता तिचा मुलगा झाला, मारता येत नाही. मग तिचे चाळीस मुलगे घरी यायच्या वेळेला ती त्याला एक चापट मारून सफरचंद नाहीतर केरसुणी करून कोपऱ्यात ठेवते.

वाचनालयातल्या एका ताईंनी सुचवलं की दूध-बिध काढून टाक, पालक काय म्हणतील, नुसतं पाया पडला असं कर. मी खूप विचार केला आणि नाही काढलं. दूध काढलं तर ती त्याला का सोडते याला कारणच उरत नाही. आपल्याकडेही दूधभाऊ म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही. मी साधं सांगितलं, 'धावत गेला आणि बाळासारखा तिचं दूध प्यायला', आवाज न बदलता. मुलं हसतील तर हसू देत.

२५ ऑगस्ट

तीन नारिंगांच्या पऱ्यांची गोष्ट. ही सगळ्यात अवघड गेली आणि अजून पूर्ण समाधान नाही.

थोडक्यात, राजपुत्र झऱ्यावर पाणी भरणाऱ्या म्हातारीची घागर दगड मारून फोडतो, ती शाप देते की तीन नारिंगांच्या पऱ्यांसाठी तुझा जीव जळो. तो जातो, तीन नारिंगं आणतो, वाटेत कापतो, आतून परी निघते आणि म्हणते पाणी, पाणी नसतं, ती मरते. दुसरीही मरते. तिसरं तो झऱ्याजवळ कापतो. ती जगते, तो तिला झाडावर बसवून वरात आणायला जातो, इतक्यात पाणी भरायला एक दासी येते, पाण्यात परीचं प्रतिबिंब दिसतं आणि तिला वाटतं ते आपलंच. एवढं रूप माझं, आणि मी घागरी वाहू? घागर आपटून फोडते. मग परीला फसवून तिच्या डोक्यात टाचणी टोचते, परीचा पक्षी होतो आणि दासी तिच्या जागी नवरी बनून बसते.

मूळात ती दासी काळी आहे आणि तिच्या कुरूपपणावर बरंच आहे. इस्तंबूलच्या घरांमध्ये आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम बायका असायच्या, तिथला गुलामांचा बाजार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बंद झाला, म्हणजे कूनोश गोष्टी उतरवत होता तेव्हा त्या बायका घराघरांत जिवंत होत्या. मला हे मुलांना तसंच सांगायचं नव्हतं. आपल्याकडे रंगावरून मुलींना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे, माझ्या गोष्टीतून त्यात भर नको.

पण रंग नुसता खोडून चालेना, कारण राजपुत्र परत आल्यावर विचारतो तू अशी कशी झालीस, आणि ती म्हणते उन्हात तुझी वाट बघून बघून. रंग काढला की हा प्रश्नच अधांतरी. दोन मसुदे फुकट. शेवटी असं केलं की दासीबद्दल काहीच वर्णन नाही, तो विचारतो, "तुझा चेहरा वेगळाच वाटतोय", आणि ती म्हणते, "चाळीस दिवस एकटीला झाडावर बसवून गेलास, तुझाही वाटला असता." चाळीस दिवस मी घातले. प्रतिबिंबाचा प्रसंग मात्र लांबवला, घागरीत पाणी भरतानाचा बुडबुड आवाज, ती वाकते, पाणी स्थिर होतं, मग चेहरा दिसतो. गोष्टीचा जीव तिथे आहे.

८ सप्टेंबर

रेकॉर्डिंग सुरू करायचं ठरवलं आणि काल गणपती बसले. कॅलेंडर बघून तारीख ठरवायला हवी होती. दहा दिवस मांडवाचा आवाज, रात्री आरत्या, आमच्याही घरी पाहुणे. एकही ओळ झाली नाही. याचा राग नाही, पण वेळापत्रकात हे धरा.

माइक घेतला, कॉलरला लावायचा वायरलेस, २१५० रुपये.

२२ सप्टेंबर

विसर्जन झालं, खोली बंद केली, पंखा बंद, फ्रिज बंद, दोन खुर्च्यांवर आजीच्या दोन गोधड्या टाकून तंबू केला आणि आत बसून घोड्याची आणि नारिंगांची अशा दोन गोष्टी सलग सांगितल्या. घामानं चिंब. पण फार मनासारख्या झाल्या, नारिंग कापतानाचा आवाज तर मी खरं संत्रं सोलून घेतला.

ऐकायला लावलं तर पहिल्या चार मिनिटांनंतर नुसती खरखर. माइकची बॅटरी संपली होती, आणि फोननं पुढे लांबून जे ऐकू येईल ते घेतलं. वीस मिनिटं गेली. रडूच आलं. पुन्हा सांगताना ते सगळं तसं येत नाही, दुसऱ्यांदा सांगितलेली नारिंगांची गोष्ट ठीक आहे, पण ती पहिली नव्हे.

तेव्हापासून पाच मिनिटांचे तुकडे, प्रत्येक तुकडा लगेच ऐकून मगच पुढचा. आणि पहाटे साडेपाचला, कुकर आणि शाळेच्या बस सुरू व्हायच्या आत. ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडते. श्वासाचे आवाज आधी सगळे कापून टाकले होते, मग यंत्र बोलतंय असं वाटायला लागलं, परत ठेवले.

६ ऑक्टोबर

सबुरीचा दगड. तुर्कीत 'साबिर ताशी'. साबिर म्हणजे सबूर, शिर्डीमुळे सबुरी हा शब्द आपल्या घराघरांत आहे, त्यामुळे याचं नाव शोधायला एक मिनिटही लागलं नाही.

गरीब मुलगी खिडकीशी भरतकाम करत बसलीय, एक पक्षी येऊन सांगतो की तुझं नशीब मेलेल्या माणसाशी बांधलंय. पुढे एका बंद वाड्यात मृतासारख्या पडलेल्या राजपुत्राजवळ तिला चाळीस दिवस जागत बसावं लागतं, आणि अगदी शेवटी ती जराशी उठते, दासीला बसवते, तेवढ्यात तो डोळे उघडतो आणि समोर दिसते ती दासी. तिच्याशीच लग्न. खरी मुलगी मोलकरीण. तो सफरीला निघतो, काय आणू विचारतो, ही म्हणते सबुरीचा दगड आणि सबुरीची सुरी. मग रात्री दार लावून ती दगडासमोर बसते आणि सगळं सांगते, पक्ष्यापासून. दर थोड्या वेळानं विचारते, सबुरीच्या दगडा, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? आणि दगड फुगतो.

हे मी तीनदा रेकॉर्ड केलं, तीनदा आवाज फार रडवेला झाला. होजामना पाठवलं, मराठी त्यांना कळत नाही, पण त्या म्हणाल्या तू रडतेयस आणि दगड गप्प आहे, उलटं हवं. तू कोरडं सांग, दगडाला फुगू दे. चौथ्यांदा मी किराणा सामानाची यादी वाचावी तसं सांगितलं आणि प्रत्येक प्रश्नानंतर तीन सेकंद काहीच नाही, नुसती खोलीची शांतता. तेच ठेवलंय. शेवटी ती सुरीला विचारायला लागते आणि सुरी स्वतःवर उगारते, तेव्हा दाराआड ऐकत उभा असलेला राजपुत्र धावत येऊन तिचा हात धरतो.

शिक्षेची ओळ: 'किर्क कातिर मी, किर्क सातिर मी'. चाळीस खेचरं हवीत की चाळीस सातिर? सातिर म्हणजे खाटकाचा सुरा, शब्दकोशात बघताना डोळ्यांसमोर आला आपला सत्तूर. तोच शब्द! इतके दिवस मटणाच्या दुकानात ऐकत होते. यमक जमत नाही, खेचर आणि सत्तूर, पण मी अदलाबदल न करता ठेवलंय. दासी म्हणते सत्तूर शत्रूला, मला खेचरं द्या, माहेरी जाईन. पुढे खेचरांच्या शेपट्यांना बांधतात ते मी एका वाक्यात आटोपलं. गाळलं नाही.

२० ऑक्टोबर

शेवटाचा प्रश्न. मी प्रत्येक गोष्ट 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' वर संपवत होते, कारण माझ्या कानात तेच आहे. आई म्हणाली हे ऐकलं की मला हातात अक्षता घ्याव्याशा वाटतात. खरंच, ती व्रताची भाषा आहे, कहाणी ऐकल्याचं पुण्य मागणारी. तुर्की शेवट वेगळा: ते पोचले आपल्या मुरादीला, म्हणजे मनातल्या इच्छेला, आपण चढू या बाजेवर. आणि मग आकाशातून तीन सफरचंदं पडली, एक सांगणाऱ्याला, एक ऐकणाऱ्याला, तिसरं कुणाला ते सांगणारा ठरवतो.

सहाही गोष्टींचे शेवट नव्याने रेकॉर्ड केले. एक अख्खा रविवार गेला. 'आटपाट नगर' ही पहिल्या दोन गोष्टींतून काढलं.

१० नोव्हेंबर

आज वाचनालयात सांगितल्या. २३ मुलं, नऊ पालक, सतरंजी. सबुरीचा दगड नाही घेतला, केलोलानची एक आणि मग होजामच्या आजीकडून आलेली झुम्रुद-उ-अंका, पाचूचा अंका पक्षी.

धाकटा शाहजादा विहिरीत उतरतो, भाऊ वरून दोर कापतात, खाली एक पांढरा मेंढा आणि एक काळा, पांढऱ्यावर पडला तर उजेडात, काळ्यावर पडला तर सात थर खाली, आणि तो पडतो काळ्यावर. खाली तो अंका पक्ष्याच्या पिल्लांना सापापासून वाचवतो, म्हणून पक्षी त्याला पाठीवर घेऊन वर निघतो. चाळीस मेंढ्यांचं मांस, चाळीस पखाली पाणी. पक्षी 'गाक' म्हणाला की मांस, 'गुक' म्हणाला की पाणी.

मी मुलांना सांगितलं की तुम्ही पक्षी, मी शाहजादा. गाक! मांस. गुक! पाणी. पाचव्या वेळेला खिडक्या हलत होत्या. मग मी थांबले आणि म्हटलं, वरचा उजेड दिसायला लागला होता, आणि मांस संपलं. एक मुलगा अगदी हळू म्हणाला, गाक. मी मांडीवर हात ठेवला. सगळे गप्प. शाहजाद्यानं आपल्या मांडीचं मांस कापून दिलं, आणि पक्ष्यानं ते चाखून ओळखलं, गिळलं नाही, जिभेखाली ठेवलं, वर पोचल्यावर तो लंगडतोय बघून परत लावून दिलं. दोन-तीन मुलं आपापली मांडी चाचपत होती.

शेवटी पिशवीतून खरी तीन सफरचंदं काढली. एक मी घेतलं, एक ज्यानं हळू गाक म्हटलं होतं त्याला, आणि तिसरं कुणाला विचारल्यावर सगळ्यांनी ठरवलं पक्ष्याला. ते वाचनालयाच्या खिडकीत ठेवलंय.

१७ नोव्हेंबर

खर्च: क्लास १६ तास ११,२०० रुपये, माइक २१५०, शब्दकोश जुन्या बाजारातून ४००, कव्हरची छपाई ३००, सफरचंदं ९०. एकूण १४,१४०. वेळ, वहीत मांडलेला, २१० तासांच्या आसपास, त्यातले ६० तरी चुकांपायी. तयार ऑडिओ ७४ मिनिटं.

बाकी: घोड्याच्या गोष्टीत दव अजून एका ठिकाणी राहिलंय, सातव्या मिनिटाला, ते कापून परत सांगायचंय. भाचीची केलोग्लानची फाईल बदलून पाठवायची. आणि होजामच्या आजीकडे अंका पक्ष्याची गोष्ट पुढेही आहे म्हणे, पुढच्या मंगळवारी त्या फोनवर आजीला बसवणार आहेत.